दप्तरात सापडलेले घराणे

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कुलवृत्तांत हा शब्द मराठी घरांना नवा नाही. महाराष्ट्रापासून दूर, चार-पाच पिढ्या परप्रांतात काढलेल्या कुटुंबांत तर मूळ गाव, कुलदैवत आणि इकडे प्रथम आलेला मूळ पुरुष यांची उजळणी प्रत्येक लग्नकार्यात होत असते. ही माहिती बहुधा ऐकीव असते आणि ऐकीव माहितीतले पूर्वज सहसा शूर, दानी व निर्व्यसनी असतात. कागदपत्रांतले पूर्वज तसे नसतात. ते कर्ज काढतात, बांधावरून भांडतात, करमाफीसाठी अर्ज करतात आणि क्वचित दुसऱ्याचा हक्कही बुडवतात. आजचा विषय अशाच एका घराण्याचा कागदोपत्री शोध हा आहे. घराणे अमेरिकेतले, काळ सतराव्या शतकाचा, प्रदेश व्हर्जिनिया आणि मेरीलँड या इंग्रजांच्या वसाहतींचा. घराण्याच्या मूळ पुरुषाला लिहिता येत नव्हते. त्याची रोजनिशी नाही, पत्रे नाहीत, चित्र नाही. तरीही त्याच्या तीन पिढ्यांचा माग लागतो, तो जमिनीच्या सनदा आणि न्यायालयाची दप्तरे यांच्या आधारे.

चेसापीक उपसागराच्या पूर्वेला जमिनीची एक लांबट पट्टी आहे. तिला ‘ईस्टर्न शोर’ म्हणतात. तेथील नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या न्यायालयाचे दप्तर 1632 पासून अखंड टिकून आहे. आजच्या अमेरिकेतील सलग राहिलेल्या न्यायालयीन दप्तरांत ते सर्वांत जुने असून ते ईस्टव्हिल या लहानशा गावी जपलेले आहे. ही अखंडता नशिबाची म्हणावी लागेल. यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल 1865 मध्ये रिचमंड शहर पेटले, तेव्हा अनेक काउंट्यांनी सुरक्षित राहावीत म्हणून राजधानीत पाठवलेली दप्तरेच जळून गेली. सांभाळण्यासाठी हलवलेले नष्ट झाले आणि जागच्या जागी पडून राहिलेले वाचले. व्हर्जिनियातील वंशशोधक अशा भागांना ‘जळालेल्या काउंट्या’ म्हणतात. तेथे मूळ असलेल्या घराण्याचा शोध एका ओळीत थांबतो.

काउंटीचे न्यायालय म्हणजे आजच्यासारखे केवळ फिर्यादींचे ठिकाण नव्हते. परिसरातले मातब्बर मळेवाले न्यायाधीश म्हणून बसत आणि त्यांच्यापुढे गावाचा सगळा व्यवहार येई. कोणी कोणाला किती तंबाखू देणे आहे (तंबाखू हेच तेथले चलन होते), कोणी कोणाला शिवी दिली, मृताच्या घरात किती भांडी व किती गुरे निघाली, अनाथ मूल कोणाकडे ठेवावे, हे सारे कारकून उतरवून घेई. गुरे आणि डुकरे रानात मोकळी चरत असल्याने प्रत्येक कुटुंब जनावरांच्या कानावर ठरावीक काप देई आणि ती खूण न्यायालयात नोंदवी. एका घरची खूण पुढच्या पिढीकडे गेलेली आढळली, तर वंशशोधकाला बापलेकाचे नाते जोडायला तेवढाही दुवा पुरतो.

या घराण्याचा पहिला कागद मात्र न्यायालयाचा नाही. तो शिरगणतीचा आहे. 1625 च्या सुमारास व्हर्जिनियातील माणसांची मोजदाद झाली. त्या यादीत एडवर्ड बेनेट या लंडनच्या व्यापाऱ्याच्या मळ्यावर एक नाव आहे: अँतोनियो, नीग्रो, ‘जेम्स’ जहाजाने 1621 मध्ये आलेला. त्याच मळ्यावर मेरी नावाची आफ्रिकी स्त्री आहे, ‘मार्गारेट अँड जॉन’ जहाजाने 1622 मध्ये आलेली. बापाचे नाव नाही, गाव नाही. गोऱ्या माणसांच्या नावापुढे आडनाव असते, यांच्यापुढे फक्त वर्ण. पण कागद जे सांगत नाही त्यातूनही काही कळते. अँतोनियो हे नाव पोर्तुगीज आहे. व्हर्जिनियात 1619 मध्ये उतरवलेले पहिले आफ्रिकी पोर्तुगीजांच्या ताब्यातील अंगोलातून, लुआंडा बंदरातून पाठवलेले होते. त्याच मार्गाने हाही आला असावा, असा तर्क त्यामुळे करता येतो. तर्काला दुजोरा मिळण्यास अर्धे शतक जावे लागले. तो दुजोरा नेमका कोठे मिळाला, हे पुढे येईल.

शिरगणतीपूर्वी तीन वर्षे, 22 मार्च 1622 रोजी, पोव्हाटन जमातींनी वसाहतीवर एकाच वेळी हल्ला केला होता. इंग्रजांच्या मोजणीनुसार 347 माणसे मारली गेली. एकट्या बेनेटच्या मळ्यावर पन्नासहून अधिक माणसे पडली. जिवंत राहिलेल्या चारपाच जणांत अँतोनियो होता.

यानंतर सुमारे पाव शतक जवळजवळ शांतता आहे. आणि मग एकोणिसाव्या किंवा विसाव्या नव्हे, त्याच सतराव्या शतकाच्या मध्यावर, ईस्टर्न शोरच्या कागदांत अँथनी जॉन्सन हा स्वतंत्र, जमीनदार, कुटुंबवत्सल आफ्रिकी गृहस्थ अवतरतो. त्याच्या मुक्ततेचा दस्त आज उपलब्ध नाही. मग यादीतला अँतोनियो तोच हा अँथनी, हे कशावरून? येथे वंशशोधकाच्या पद्धतीचा मासला पाहायला मिळतो. नॉर्थॅम्प्टन न्यायालयाच्या 1653 मधील एका आदेशात अँथनी व त्याची पत्नी मेरी तीस वर्षांहून अधिक काळ व्हर्जिनियात राहत असल्याचे म्हटले आहे. 1653 मधून तीस वजा केले की आपण 1623 च्या अलीकडे येऊ शकत नाही. त्या काळी वसाहतीत असलेल्या आफ्रिकी माणसांची संख्या दोन डझनांच्या आसपास होती आणि त्यांत या नावांची जोडी बेनेटच्या मळ्यावर सापडते. एकटे नाव असते तर ही ओळख पटली नसती. पतिपत्नीची नावे, आगमनाचा काळ आणि माणसांची अल्प संख्या हे तिन्ही जुळले म्हणून ती मान्य झाली.

नुसत्या नावावर विसंबण्याचा धोका याच घराण्याच्या संदर्भात दिसतो. 1645 च्या एका जबानीत अँथनी नावाचा आफ्रिकी माणूस वाटून मिळालेल्या मक्याच्या शेताबद्दल बोलतो: आता माझी जमीन मला कळते, मनाला येईल तेव्हा काम करीन, मनाला येईल तेव्हा विसावा घेईन, अशा आशयाचे. टी. एच. ब्रीन आणि स्टीफन इनिस या इतिहासकारांनी 1980 मध्ये ईस्टर्न शोरवरील स्वतंत्र आफ्रिकींवर जे पुस्तक लिहिले, त्याचे शीर्षकच या जबानीतून घेतलेले आहे. उद्गार इतका मोहक आहे की तो अँथनी जॉन्सनच्याच तोंडी घालण्याचा मोह पुष्कळांना आवरला नाही. पण त्या किनाऱ्यावर अँथनी नावाचे एकाहून अधिक आफ्रिकी होते. शोधकाने असा उद्गार आपल्या नायकाला देऊन टाकण्यापूर्वी हात आवरलेला बरा.

1651 च्या जुलै महिन्यात अँथनी जॉन्सनला पंगोटीग खाडीच्या परिसरात 250 एकरांची सनद मिळाली. तेव्हाचा नियम असा, की जो कोणी एका माणसाचा वसाहतीत येण्याचा प्रवासखर्च करील त्याला त्या माणसामागे 50 एकर मिळावेत. म्हणून सनदेत आणलेल्या माणसांची नावे लिहिलेली असतात. वसाहतीत आलेल्या हजारो सामान्य माणसांचा उल्लेख अन्यत्र कोठेही नाही. कोणाच्या तरी जमिनीचे मोल म्हणून तेवढी त्यांची नावे उरली. नेल मॅरियन न्यूजेंट यांनी या सनदांचे गोषवारे 1934 पासून छापण्यास प्रारंभ केला आणि अमेरिकेतील असंख्य कुटुंबांना आपल्या मूळ पुरुषाचे नाव प्रथम त्या गोषवाऱ्यांत आढळले. मात्र ही नावे जशीच्या तशी खरी मानून चालत नाही. हे हक्क विकले जात, पुन्हा विकले जात, आणि एकाच माणसावर दोनदा जमीन उकळली जाई.

जॉन्सनच्या सनदेत पाच नावे आहेत. त्यांपैकी एक रिचर्ड जॉन्सन. अँथनीच्या मुलाचे नाव रिचर्डच होते. तेव्हा बापाने घरच्याच मुलाला परदेशातून आणलेला म्हणून दाखवून 50 एकर पदरात पाडून घेतले असावेत. इतर मळेवालेही हेच करीत होते. दुसरे एक नाव जॉन गेसोरोरो असे वाकडेतिकडे लिहिलेले आहे. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे उतरवले. हा माणूस कोण, ते चार वर्षांनी कळते.

सनद मिळाल्यानंतर थोड्याच काळात जॉन्सनच्या मळ्याला आग लागली. नुकसान मोठे झाले आणि त्याने न्यायालयाकडे दाद मागितली. वर उल्लेखिलेला आदेश या अर्जावरचा आहे. मूळ कागदावर तारीख 28 फेब्रुवारी 1652 अशी आहे, आणि आजच्या गणनेने ते 1653 होते. इंग्रजांचे वर्ष तेव्हा 25 मार्चला पालटत असे. 1752 मध्ये ती पद्धत बदलली. आपल्याकडे एकाच देशात चैत्री आणि कार्तिकी वर्ष नांदलेले असल्याने हा घोळ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, पण कित्येक अमेरिकी कुटुंबांच्या वंशावळीत बापाच्या लग्नाआधी मुलगा जन्मलेला दिसतो, त्याचे मूळ येथे असते.

न्यायालयाने अँथनीच्या पत्नीला आणि दोन मुलींना आयुष्यभर करातून सूट दिली. ही सवलत दिसते त्याहून मोठी आहे. व्हर्जिनियात 1643 पासून आफ्रिकी स्त्रियांवर डोईपट्टी बसत होती, घरातल्या इंग्रज स्त्रियांवर बसत नव्हती. म्हणजे या तिघींना निदान करापुरते इंग्रज स्त्रियांच्या पंक्तीला बसवले गेले. आणि वंशशोधकाच्या दृष्टीने पाहायचे तर, जॉन्सनला दोन मुली होत्या ही माहिती या सवलतीमुळे मिळाली. आग लागली नसती तर त्या मुली इतिहासाला ठाऊकच झाल्या नसत्या.

यापुढचा कागद कोणत्याही कुलवृत्तांतकाराला लपवावासा वाटेल. 1654 मध्ये कॅप्टन सॅम्युअल गोल्डस्मिथ हा मळेवाला तंबाखूचे पिंप आणायला जॉन्सनच्या घरी गेला असता तेथल्या जॉन केसर नावाच्या आफ्रिकी माणसाने त्याच्याजवळ गाऱ्हाणे केले. सात-आठ वर्षांच्या कराराने आलो, करार संपून सात वर्षे झाली, तरी मालक सोडत नाही, असे त्याचे म्हणणे. जॉन्सनने करार कधी पाहिलाच नसल्याचे सांगितले. केसर जन्मभरासाठी आपला आहे, असा त्याचा दावा होता. रॉबर्ट पार्कर या शेजारच्या गोऱ्या मळेवाल्याने केसरला आपल्याकडे नेले. घरच्यांच्या आग्रहाने जॉन्सनने काही काळ त्याला सोडलेही, पण मग विचार बदलून पार्करवर दावा लावला. 8 मार्च 1655 रोजी न्यायालयाने जॉन्सनच्या बाजूने निकाल दिला. केसर परत पाठवला गेला आणि खर्च पार्करवर पडला. केसर म्हणजे बहुधा सनदेतला गेसोरोरो. ज्याच्या नावावर 50 एकर घेतले, त्यालाच जन्मभरासाठी बांधून ठेवले.

हे वाचताना मन खट्टू होते आणि ते व्हावे. स्वतः बंधनातून सुटलेला माणूस दुसऱ्याला बांधतो, हे गोड करून सांगता येत नाही. मात्र या निकालाचा आधार घेऊन जॉन्सन हा अमेरिकेचा पहिला गुलाममालक होता, असा जो प्रचार हल्ली वारंवार डोळ्यांसमोर येतो, तो खोटा आहे. 1640 मध्ये जॉन पंच हा आफ्रिकी नोकर दोन गोऱ्या नोकरांसह पळाला आणि तिघे पकडले गेले. गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढली; पंचला मरेपर्यंत चाकरीची शिक्षा झाली. ते फर्मान वसाहतीच्या वरिष्ठ न्यायासनाचे होते, आणि केसरच्या निकालाआधी पंधरा वर्षांचे.

त्याच खटल्यातील गोल्डस्मिथच्या जबानीत एक वाक्य येते. केसरला सोडावे म्हणून जॉन्सनची पत्नी, त्याचे दोन मुलगे आणि जावई यांनी त्याचे मन वळवले, असे त्यात आहे. म्हणजे घरात मतभेद होता. आणि जावई होता, म्हणजे 1655 पूर्वी एका मुलीचे लग्न झालेले होते. खटला गुलामीचा, साक्षीदार तंबाखू आणायला आलेला परका माणूस, आणि त्याच्या तोंडून घराण्याची एक शाखा उजेडात येते. न्यायालयीन कागद असा वाचावा लागतो. निकाल शेवटी पाहिला तरी चालेल, आधी साक्षी पाहाव्यात.

पॉल हाइनेग या अभियंत्याने अशाच साक्षी व दंडाच्या नोंदी वर्षानुवर्षे चाळून वसाहतकालीन स्वतंत्र आफ्रिकी-अमेरिकी घराण्यांच्या वंशावळी उभ्या केल्या. त्याच्या शोधात दिसले ते असे, की व्हर्जिनियातील अशी बहुसंख्य घराणी गोऱ्या नोकर स्त्रियांपासून सुरू होतात. 1662 च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीचे ठरले. आई स्वतंत्र तर मूल स्वतंत्र. पुढे 1691 च्या कायद्याने आफ्रिकी पुरुषापासून मूल झालेल्या गोऱ्या स्त्रीला 15 पौंड दंड, तो न भरल्यास पाच वर्षे चाकरी, आणि मुलाला तीस वर्षांचे होईपर्यंत बांधून ठेवण्याची तरतूद झाली. या क्रूर कायद्याखाली ज्यांना न्यायालयात उभे केले, त्यांची नावे राहिली. कित्येक घराण्यांच्या वंशावळीत पहिली नोंद एका स्त्रीच्या शिक्षेची आहे. त्यांच्या आजच्या वंशजांना त्या नोंदीची लाज वाटत नाही. ती सापडली याचा आनंद होतो.

जॉन पंचकडे क्षणभर परत जायला हवे. 2012 मध्ये एका अमेरिकी वंशशोध संस्थेने जाहीर केले, की राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हे आपल्या गोऱ्या आईच्या बाजूने या जॉन पंचचे वंशज असण्याचा संभव आहे. व्हर्जिनियातील बंच नावाच्या जमीनदार घराण्यापर्यंतचा माग बराचसा कागदांवर आणि डीएनए चाचण्यांवर उभा होता. पंच आणि पहिला बंच यांच्यामधला दुवा मात्र कागदावर नाही. नाव, काळ आणि आफ्रिकी वंश यांच्या जुळणीवर तो आधारलेला आहे. वर्तमानपत्रांनी ‘संभव’ हा शब्द गाळला. जे घराणे प्रसिद्ध माणसापर्यंत पोचते, त्याच्या शोधात हा शब्द सर्वांत आधी गळतो.

1665 च्या सुमारास जॉन्सन कुटुंब उत्तरेला मेरीलँडच्या सॉमरसेट काउंटीत गेले. जुन्या जमिनीपैकी 200 एकर विकले आणि 50 एकर मुलगा रिचर्ड याच्याकडे ठेवले. नव्या ठिकाणी 300 एकर भाडेपट्ट्याने घेतले. मळ्याचे नाव ‘टोनीज व्हिनयार्ड’, म्हणजे टोनीचा द्राक्षमळा. तेथे 1670 मध्ये अँथनी वारला. त्यानंतर कागदांत मेरीचे नाव वरचेवर येऊ लागते. नवरा हयात असताना इंग्रजी कायद्याने स्त्रीला वेगळे अस्तित्व नव्हते, विधवा झाल्यावर ते मिळे. ती भाडेपट्टा नव्याने करून घेते, तीन नातवंडांना गुरे देते. जॉन केसरही कुटुंबाबरोबर मेरीलँडला गेलेला होता. 1670 नंतरच्या दशकात त्याची स्वतःच्या जनावरांची खूण सॉमरसेटच्या दप्तरात नोंदलेली आहे. पण नोंद ‘नोकर’ म्हणूनच.

अँथनी गेला त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, मागे व्हर्जिनियात एक ज्यूरी बसली. प्रश्न रिचर्डकडे ठेवलेल्या त्या 50 एकरांचा होता. ज्यूरीने ठरवले, की अँथनी जॉन्सन हा नीग्रो होता आणि म्हणून परका होता. परक्याची जमीन राजाकडे जाते. एवढ्या एका वाक्यावर जमीन सरकारजमा झाली. ज्याने हल्ल्यातून वाचून, जंगल तोडून, कर भरून जवळजवळ पन्नास वर्षे त्या भूमीवर काढली, ज्याला सतरा वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावरच्या न्यायाधीशांनी जुना रहिवासी म्हणून गौरवले, ज्याची सनद त्यांच्याच सरकारने दिली, तो मेल्यावर परका ठरला. त्याचा मुलगा त्याच भूमीवर जन्मलेला होता, याचा विचार निर्णयात नाही. 1655 मध्ये त्याच माणसाला दावा लावण्याचा आणि तो जिंकण्याचा अधिकार होता. मधल्या पंधरा वर्षांत जॉन्सन बदलला नव्हता. पुस्तकातले कायदे बदलत होते, आणि जमिनीला भाव आला होता.

सनद आणि निकाल एकाच प्रकारच्या शाईने, एकाच प्रकारच्या वहीत लिहिलेले आहेत. पहिला कागद वाचून थांबणाऱ्याला एक कर्तबगार माणसाची गोष्ट हाती लागते, दुसराच वाचणाऱ्याला एका लुबाडणुकीची. दोन्ही मिळून घराण्याचा इतिहास होतो, आणि त्यात केसरचे पानही धरावे लागते.

तिसऱ्या पिढीचा कागद लहानसा आहे. 1677 मध्ये अँथनीचा नातू जॉन जॉन्सन याने सॉमरसेट काउंटीत 44 एकर जमीन विकत घेतली. मेरीलँडमध्ये जमिनीच्या तुकड्याला नाव देण्याची रीत होती. लोक आपल्या इंग्लंडातल्या गावाची नावे देत. या नातवाने आफ्रिका पाहिलेली नव्हती. तो जन्मला तोपर्यंत आजोबांना येऊन तीस-एक वर्षे होऊन गेलेली असणार. त्याने आपल्या 44 एकरांना नाव दिले, ‘अंगोला’. शिरगणतीतल्या पोर्तुगीज नावावरून केलेल्या तर्काला दुजोरा मिळाला तो या नोंदीत. आजोबांनी किंवा आजीने काय सांगितले असेल, कोणत्या संध्याकाळी, कोणत्या भाषेच्या मोडक्या शब्दांत, ते कोणत्याही कारकुनाने उतरवलेले नाही. उतरवला तो एवढा एक शब्द, जमिनीच्या चतुःसीमेबरोबर.

नातू 1706 मध्ये वारसाशिवाय वारला. त्यानंतर त्या जमिनीवर या घराण्याचे नाव आढळत नाही.